कडा रिकामा नसतो

दोर कसा हाताळायचा, कुठली गाठ कुठे मारायची, बिले देताना नजर कुठे ठेवायची, हे तुम्हाला शिकवणारे आता पुष्कळ आहेत. शिबिरं आहेत, कृत्रिम भिंती आहेत. माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने चढणारी पोरंपोरी तुमच्यात आहेत. म्हणून त्यातलं मी काही सांगत नाही. मी सांगते ते दोराला हात लावण्याआधीचं आणि दोर गुंडाळून ठेवल्यानंतरचं. ते आम्हाला कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही. काही जाणत्यांनी चालता चालता सांगितलं, काही गुराख्यांकडून कळलं, काही पाड्यावरच्या बायांनी चुलीशी बसवून सांगितलं. सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र सारखी यायची. कडा रिकामा नसतो. तुम्ही पोचायच्या आधीपासून तिथे कुणीतरी राहत असतं. ते कोण, हे शोधणं हे मोहिमेचं पहिलं काम. चढाई त्यानंतर.

रेकीला जाताना सामान नेऊ नका. दोर नको, हार्नेस नको, हातोडा तर नकोच. दोर दिसला की गावातलं बोलणं बदलतं. मग सगळे तुम्हाला वाट दाखवायला लागतात आणि बाकीचं सांगायचं राहून जातं. मोकळ्या हातांनी जा, रात्री मुक्काम करा, सकाळी गुराख्याबरोबर निघा आणि तो जिथे बसेल तिथे बसा. म्हाताऱ्या माणसाला बाबा म्हणा, बाईला आजी किंवा मावशी, बरोबरीच्याला दादा. ‘ओ गाईड’ अशी हाक मारू नका. तो गाईड होतो तुमच्या मोहिमेपुरता. एरवी तो शेतकरी असतो, गुरं राखणारा असतो, आणि कधी कधी गावच्या देवाचा भगतही असतो.

‘वर जायला किती वेळ लागेल?’ असं विचारूच नका. ‘हे काय, इथंच’ असं उत्तर येतं आणि तुम्ही फसलो म्हणता. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या पायांना ते खरंच इथंच असतं. त्यापेक्षा विचारा, पावसाळ्यात दगड कुठल्या अंगाला येतात? गुरं कुठे चरायला नेत नाहीत? ओहळ कुठल्या महिन्यात आटतो? कड्यात पोळी कुठे लागतात? देव कुठे आहे? या प्रश्नांच्या उत्तरांतून निम्मी मोहीम आखून होते. गुरं जिथे नेत नाहीत तिथे बहुधा वरून दगड सुटतात, आणि तुम्ही नेमका तिथेच बेस कॅम्प टाकायला निघालेले असता. पाण्याचं मात्र पुरुषांना विचारू नका, बायांना विचारा. कुठल्या झऱ्याला माघात किती हंडे मिळतात आणि तिथे किती वेळ बसावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, कारण ते हंडे त्यांच्या डोक्यावर असतात.

देवाचं विचारायला संकोचू नका. सुळक्याच्या पायथ्याशी शेंदूर लावलेला एखादा दगड असतो. कधी खिंडीत, कधी झाडाखाली वाघोबा असतो. अकोले, जुन्नर, आंबेगाव या बाजूला महादेव कोळी माणसं दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. गुराखी रानात जमतात, वाघोबाची पूजा होते, गोडाधोडाचा नैवेद्य होतो आणि गुरांना जपण्याचं मागणं केलं जातं. आपल्या मोहिमा नेमक्या दिवाळीच्या सुट्टीत निघतात. त्या दिवशी तिथे असाल तर चढाई बाजूला ठेवा आणि गावाने बोलावलं तर जा. ज्या जनावराने आपली गाय नेली असेल त्यालाच हात जोडणाऱ्या माणसांकडून जंगलाबद्दल जे कळतं, ते दुसरीकडे कुठे कळणार नाही. देवराईच्या बाबतीत नियम सरळ आहे. तिथलं वाळलेलं लाकूडही उचलायचं नाही. फिक्स रोपसाठी तिथल्या झाडाला दोर बांधायचा नाही. झाड कितीही भक्कम असो.

आता कातळाकडे येते.

आपला सह्याद्री लाव्ह्याचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा राहिला. तुम्ही हे पुस्तकात वाचलंय. कड्याखाली उभं राहूनही वाचायला शिका. उभा काळा टप्पा दिसतो तो घट्ट कातळाचा. त्यावर गवताची आडवी पट्टी दिसते ती मऊ थराची. त्या पट्टीवर उभं राहायला जागा मिळते म्हणून आपण हुशारतो, पण तिथेच मुरमाड घसारा असतो, तिथेच ओल झिरपते आणि तिथेच मेख धरत नाही. ज्याला आपण ‘सोपा टप्पा’ म्हणतो तिथे अपघात जास्त होतात, हे लक्षात ठेवा. हातोडीने किंवा मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर विश्वास ठेवा, बद्द आवाज आला तर हात काढा. मोरोशीच्या भैरवगडाची भिंत त्याहून वेगळी. जमिनीला पडलेल्या भेगेतून वर आलेला लाव्हा तिथे उभाच थिजला आणि आजूबाजूचं मऊ झिजून गेल्यावर भिंत उरली. तिचे दगड विटांसारखे ठोकळ्यांनी सुटतात. तिथे लीड करणाऱ्याने हातात आलेला प्रत्येक ठोकळा आधी हलवून बघायचा असतो आणि बिलेयरने सरळ खाली उभं राहायचं नसतं.

हे थर आपल्याआधी कुणी ओळखले? गडांवरची टाकी खोदणाऱ्यांनी. पाण्याचं टाकं कुठेही खोदून चालत नाही. झिरपा कुठे येतो, तळ कुठे गळणार नाही, हे कळल्याशिवाय त्यांनी छिन्नी लावली नसती. टाकं खोदताना निघालेला दगड तटबंदीला लागला. हरिहर गडाच्या पायऱ्या बघा. इतक्या उभ्या चढणीवर दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या कोरल्या आहेत आणि त्या बरोबर तिथे आहेत जिथे माणसाचा हात आपसूक जातो. चढणाऱ्याचं शरीर ओळखून कोरलेला तो दगड आहे. मी नवीन पोरांना आधी तिथे नेते. नुसतं चढू देत नाही. प्रत्येक खोबणीत हात घालून थांबायला लावते. अलंग, मदन या गडांवर आपल्याला दोर लागतो तो डोंगर अवघड म्हणून नाही. तिथल्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ च्या सुमारास सुरुंगाने उडवल्या म्हणून लागतो. ज्या तुटक्या कातळावर तुम्ही ‘काय भारी पॅच आहे’ म्हणता, तो एका पराभवाची खूण आहे. तिथे चढताना हे माहीत असलं पाहिजे.

म्हणूनच बोल्टच्या बाबतीत मी कडक आहे. जिथे भेगेत चोक बसतो, खडकाला स्लिंग घालता येते, तिथे छिद्र पाडायचं नाही. कोरीव पायरी, शिल्प, शिलालेख, टाक्याची कड यांच्या आसपास ड्रिल काढायचंच नाही. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय असं काही करणं हा गुन्हाच आहे, आणि परवानगी असली तरी हात आखडता ठेवा. २०२५ मध्ये आपले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण यादीत नसलेला गडही तेवढाच जुना आहे. जुना बोल्ट दिसला की लगेच त्यात कॅराबिनर अडकवू नका. कोकणातून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी साधं लोखंड आतून खाल्लेलं असतं, वरून ते धड दिसतं. नवीन ठोकायचाच असेल तर गंज न धरणारा ठोका, मोजका ठोका आणि कुठे ठोकला ते लिहून ठेवा. आपल्या मागून येणाऱ्याचा जीव त्या नोंदीवर असतो. आणि पकड मिळत नाही म्हणून छिन्नीने पकड कोरायची, हे कधीही करू नका. नाही जमली चढाई तर उतरा. तो कडा दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला सापडेल.

कड्यातल्या वस्तीबाबतची सगळ्यात मोठी चूक आपल्या हातून ऋतूमुळे होते. पाऊस संपला, कातळ वाळला की नोव्हेंबर ते मार्च आपला हंगाम. लांब चोचीच्या गिधाडांचा विणीचा हंगामही तोच. ही गिधाडं कड्याच्या कपारीत घरटं करतात आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते. १९९० च्या दशकात गुरांना देतात त्या डायक्लोफेनॅक औषधामुळे देशातली गिधाडं मरत गेली. मेलेल्या गुराचं मांस खाल्लं की औषध त्यांच्या मूत्रपिंडांत जायचं आणि पक्षी संपायचा. या गिधाडांची संख्या पंचाण्णव टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते औषध बंद केलं. जी उरली आहेत त्यांच्या एकेका अंड्याला मोल आहे. तुम्ही घरट्याजवळून हातोडा मारत गेलात तर पक्षी उडतो, अंडं उन्हात उघडं पडतं, कावळ्यांना सापडतं आणि त्या जोडीचं वर्ष वाया जातं.

म्हणून रेकीत दुर्बीण न्या. कपारीखाली पांढरे ओघळ दिसले की समजा, वर कुणीतरी राहतं. ओघळ जुने वाळलेले आहेत की ताजे, ते बघा. सकाळी ऊन तापल्यावर पक्षी तरंगायला निघतात आणि पुन्हा त्याच कपारीत येतात का, हे बघत बसा. शाहीन ससाणाही कड्यातच घर करतो आणि तो तर सरळ अंगावर येतो. घरटं आहे असं ठरलं तर ती बाजू सोडून द्या. पावसाळ्याआधी पिल्लू उडेल, पुढच्या मोसमात वेगळी वाट शोधता येईल. ‘आमची परवानगी आली आहे, सुट्ट्या मंजूर झाल्या आहेत’ हे कारण मी ऐकून घेणार नाही. सुळका कुठे जात नाही.

आग्या मोहोळांचं तुम्हाला भीतीपोटी तरी कळतं. तरी सांगते. या माश्या ऋतूप्रमाणे जागा बदलतात आणि वर्षानुवर्षं त्याच कपारीत परततात. त्यामुळे ‘गेल्या महिन्यात तिथे काही नव्हतं’ याला अर्थ नाही. गेल्या वर्षी याच महिन्यात काय होतं, ते विचारा. रानातला मध काढणाऱ्या माणसाला विचारा. कुठली कपार कधी भरते, हे त्याला तोंडपाठ असतं. अत्तर, डोक्याला वासाचं तेल नको. पायथ्याशी धूर करायचा नाही. आणि कड्यावर ओरडायचं नाही. इथे मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. माथ्यावर पोचलं की आपल्याला महाराजांच्या नावाने घोषणा द्यावीशी वाटते. माझ्याही उरात ती येते. पण खाली दोरावर तुमचे सोबती लटकलेले असताना, कपारीत मोहोळ असताना ती देऊ नका. माथ्यावर उभं राहून मुजरा करा. घोषणा खाली पाड्यात या आणि गावातल्या पोरांबरोबर द्या, त्यांनाही आनंद होईल. माशी चावलीच तर हात हलवत पळू नका. काट्याला वास असतो आणि त्या वासाने बाकीच्या येतात. चेहरा झाका, डोक्यावरून ओढता येईल अशी जाळी प्रत्येकाच्या सॅकमध्ये वरच ठेवा. बिलेयरला तर दोर सोडून पळताच येत नाही. त्याची जाळी गळ्यातच असू द्या.

आता भेगेतल्या झाडांचं. चोक बसवायचा म्हणून आपण भेगेतलं गवत, माती, मुळं सगळं खरवडून काढतो. कुणालाच त्यात काही वाटत नाही. जुन्नरच्या बाजूला, शिवनेरीच्या कातळात शिंदळ माकुडी नावाची वनस्पती आहे, काही जण तिला शिवसुमन म्हणतात. मांसल खोड, किरमिजी चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळे ठिपके. महाराष्ट्राच्या या डोंगरांबाहेर ती कुठे नैसर्गिकपणे उगवत नाही आणि तिला राहायला उभा कडाच लागतो, कारण तिथे गुरांचं तोंड पोचत नाही. पावसाळ्यात तिला पानं येतात, हिवाळ्यात गळतात. म्हणजे आपल्या मोसमात ती नुसत्या वाळक्या काटकीसारखी दिसते आणि आपण ती उपटून फेकतो. गुराला जे जमलं नाही ते आपण करतो. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला कंदीलपुष्पांच्याही दुर्मीळ जाती कड्याच्या कडेला धरून आहेत. तेव्हा मोहिमेआधी एकदा, पावसाळा सरताना, वनस्पती ओळखणाऱ्या कुणाला तरी घेऊन त्या कड्याखाली फिरा. काय काय आहे ते पानाफुलांत असताना बघून ठेवा, म्हणजे डिसेंबरात काटकीही ओळखता येईल. कारवीचंही तेच. आडव्या वाटेवर कारवीला धरून आपण अख्खा ट्रॅव्हर्स मारतो, तेव्हा ती मुळाशी धरायची, शेंड्याला नाही आणि वाट रुंद व्हावी म्हणून तोडायची तर मुळीच नाही. सात-आठ वर्षांत एकदा ती फुलते आणि मग मरते. तोवर डोंगराची माती तिने धरलेली असते. ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या घरांचे कुडही तिचेच असतात.

माती धरण्यावरून इर्शाळवाडीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इर्शाळगडाचं नेढं आपल्यापैकी अनेकांच्या पहिल्या चढाईची जागा. जाता येता ठाकरांच्या त्या वाडीत पाणी प्यायलो, चहा घेतला, सॅक ठेवल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा भाग खाली आला आणि वाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे पावसात चालत वर गेले आणि सुरुवातीला पोचलेल्यांत आजूबाजूचे ट्रेकर होते. धोकादायक गावांच्या सरकारी यादीत ती वाडी नव्हती. मला त्या वेळेपासून एकच गोष्ट टोचते. आपण डोंगर वाचतो असं म्हणतो. कातळाची चीर कुठे, थर कुठे, ओल कुठे, हे आपल्याला दिसतं. पण ती नजर आपण फक्त वर जायच्या वाटेवर वापरतो. कड्याच्या माथ्यावर मातीला नवीन भेग पडली आहे का, झरा एकाएकी गढूळ झाला आहे का, उतारावरची झाडं वाकली आहेत का, हे उतरताना बघा. गावात विचारा. काही दिसलं तर फोटो काढून, तारीख टाकून तहसीलदाराला लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. हे काम दोरावरच्या कुठल्याही कामाइतकंच गिर्यारोहकाचं आहे.

पाण्यापैशाचं थोडक्यात, पण नीट ऐका. माहुलीच्या सुळक्यांना, वजीरला किंवा नवरा-नवरीला जायला तुम्ही मुंबईहून आसनगावला उतरता. तो शहापूर तालुका. भातसा आणि तानसा ही धरणं त्याच तालुक्यात. मुंबईत तुमच्या घरच्या नळाला येणारं पाणी तिथून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. हे माहीत असताना पाड्यावरच्या विहिरीवर वीस जणांनी अंघोळ करायची नाही. पिण्यापुरतं घ्यायचं, तेही विचारून. भांडी राखेने घासून कमी पाण्यात धुवायची. गडावरच्या टाक्यात हात-पाय धुवायचे नाहीत, त्यात वटवाघळं, पक्षी, रात्री येणारी जनावरं पाणी पितात. फेब्रुवारीनंतर जाणार असाल तर पाणी खालूनच घेऊन जा.

खाणं गावात ठरवा. शहरातून खोकी भरून नेऊ नका. भाकरी, पिठलं, वालाचं बिरडं, जे त्यांच्या घरी होतं ते खा आणि दर आधी ठरवा, घासाघीस न करता. पैसे जिने रांधलं तिच्या हातात द्या. मुलांना चॉकलेट वाटत फिरू नका, जुने कपडे गोणीत भरून नेऊ नका. काही द्यायचंच असेल तर परत निघताना त्यांच्याकडून नाचणी, वरई, मध विकत घ्या. मागतील ती किंमत द्या.

चूल पेटवताना मला नेहमी एक पत्र आठवतं. चिपळूणच्या छावणीत असलेल्या आपल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी ते पाठवलं होतं. रयतेकडून काही ओरबाडू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा, दाण्यागोट्याचा नीट हिशेब ठेवून वापरा, विस्तव आणि दिवे जपा, नाहीतर गवताच्या गंजी पेटतील, असं त्यात खडसावून सांगितलं आहे. महाराजांचा फोटो टी-शर्टावर लावून गडाखाली शेकोटी करणाऱ्यांनी ते पत्र आधी वाचावं. आजही गावाची वर्षाची वैरण अशाच गंजीत असते. जानेवारीनंतर डोंगरावरचं गवत इतकं वाळतं की एका थोटकाने वणवा लागतो. गडाखाली उघड्यावर शेकोटी नको, स्टोव्हही साफ केलेल्या जागेवरच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही रयतेची झाडं बळजबरीने तोडू नयेत, लागलंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावीत असं बजावलं आहे. आपल्याकडे हा विचार कुणी बाहेरून आणलेला नाही.

अपघाताबद्दल एवढंच सांगते. पहिला धावून येणारा गावातला माणूस असतो. तो अनवाणी, दोराशिवाय कड्यात शिरतो. त्याला शिरू देऊ नका. तुमच्याकडे जादा हेल्मेट आणि हार्नेस त्याच्यासाठी असलंच पाहिजे. मोहिमेत सामान वाहायला गावातली माणसं घेतलीत तर त्यांचाही विमा उतरवा. आपल्या मुलांना हेल्मेट आणि सामान वाहणाऱ्याला गमछा, असं आमच्या मोहिमेत चालणार नाही.

मोहीम संपली की त्या गावात पुन्हा जा. चढायला नाही, जुलैत भातलावणीला. पायाला चिखल लागू द्या, जमेल तेवढी रोपं लावा, जेवा आणि या. कड्यावरून पाणी कुठून उतरतं, दगड कुठे येतात, गावाला कड्याची कधी भीती वाटते, हे तेव्हाच दिसतं. हिवाळ्यात तो कडा शांत असतो म्हणून आपल्याला त्याचा अर्धाच स्वभाव कळतो.

आणि अहवाल लिहाल तो मराठीत लिहा. त्यात सुळक्याचं गावात चालतं ते नाव असू द्या. बोल्ट कुठे ठोकले, घरटी कुठे दिसली, पोळी कुठे होती, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत होतं, कुणी काय सांगितलं, सगळं येऊ द्या. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचं नावही येऊ द्या. एक प्रत आपल्या संस्थेत ठेवा, एक वनखात्याला द्या, आणि एक त्या पाड्यावरच्या शाळेत स्वतः नेऊन मुलांना वाचून दाखवा. यंदा निघण्याआधी कोणत्या कड्याला जाताय ते मला कळवा. तिथली दोन-चार घरं मला माहीत आहेत, त्यांना मी फोन करून ठेवते.